पंपाला फक्त पाणी कळतं

या वेळचं पत्र एका स्टाफ नर्सचं आहे. मूळ पत्र तीन पानी, इथे कापून देतेय.

"ताई, मी मुंबईत एका प्रायव्हेट हॉस्पिटलात आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) गावाकडे केलं, इथे दीड वर्ष वॉर्डला होते, तीन महिन्यांपूर्वी आयसीयूला टाकलं. गेल्या आठवड्यात नाइटला पहाटे चारच्या सुमारास पंपावरची डोपामिनची, म्हणजे बीपी टिकवायच्या औषधाची, सिरिंज संपत आली म्हणून मी नवीन भरली, कॉलेजात शिकवली तशी, ५० एमएलमध्ये २०० एमजी. पंपाचा रेट होता तोच ठेवला, तासाला २.२५ एमएल. थोड्या वेळात बीपी पडायला लागलं. नंतर कळलं की आधीची सिरिंज डबल स्ट्रेंथची, म्हणजे दुप्पट औषधाची होती. रेसिडेंट सगळ्यांसमोर ओरडले, सिस्टर तुम्हाला साधं गणित येत नाही का. तेव्हापासून पंपाला हात लावताना बोटं थरथरतात. दहावीला गणितात ४१ मार्क होते तेच आठवत राहतात. त्यात एकजण म्हणाली की वॉर्डला मी सलाईनचे थेंब एका एमएलला १५ धरून काढत होते तेही चूकच होतं. वॉर्डला परत मागून घेऊ का? पेशंट नंतर ठीक झाला. – घाबरलेली सिस्टर, कांजूरमार्ग"

अगं बाई, आधी हे सांग, पेशंट ठीक झाला हे तू तिसऱ्या पानाच्या तळाशी का लिहिलंस, तोवर माझा चहा दोनदा गार झाला. असलं काही कुणालाही सांगताना पेशंट आत्ता कसा आहे ते पहिल्या वाक्यात यायला हवं, डॉक्टरला रात्री फोन लावशील तेव्हा तर नक्कीच. आणि एका ठिकाणी मला मावशी लिहिलंयस ते मी खोडून ताई केलंय, हॉस्पिटलात मावशी कुणाला म्हणतात ते तुला मला दोघींना माहितीय, उगाच मला बेडपॅन आणायला सांगशील.

आता मुद्द्याचं. चूक तुझी होती, ती मी झाकणार नाहीये. पण रेसिडेंट ओरडला ते भलत्याच चुकीसाठी ओरडला, आणि तू ते खरं मानून बसलीयस. तू गणित चुकवलं कुठे? तू गणित केलंच नाहीस. सिरिंज बदलली, आकडा तोच ठेवला, यात ना गुणाकार आहे ना भागाकार. ४१ मार्कांना बिचाऱ्यांना कशाला मध्ये घेतेस.

पंपावर जो २.२५ दिसतो ना तो औषधाचा आकडा नसतोच, तो पाण्याचा असतो. पंपाला फक्त पाणी कळतं. तासाला सव्वादोन एमएल पुढे ढकल म्हटलं की तो ढकलतो, आत डोपामिन आहे की साधं एनएस (नॉर्मल सलाईन) आहे की उसाचा रस, त्याला काही घेणंदेणं नाही. हल्लीच्या काही पंपांत औषधाचं नाव, वजन, डोस घालायची सोय असते, पण तिथेसुद्धा सिरिंजमध्ये किती एमजी आहे ते तूच सांगायचं असतं, तो काही नाक लावून वास घेत नाही. त्या पाण्यात औषध किती विरघळलंय ही माहिती जगात दोनच ठिकाणी असते, सिरिंजच्या लेबलवर आणि भरणारीच्या डोक्यात, आणि भरणारी तर रात्री आठलाच ट्रेन पकडून घरी गेलेली.

कागद घे आणि माझ्याबरोबर कर. डोपामिनची अँप्युल ५ एमएलची, त्यात २०० एमजी. एक अँप्युल काढली आणि ४५ एमएल एनएस घालून ५० केलं तर २०० भागिले ५०, म्हणजे एका एमएलमध्ये ४ एमजी. ही सिंगल. दोन अँप्युल म्हणजे १० एमएल औषध, वर ४० एनएस, एकूण तेच ५० पण आत ४०० एमजी, म्हणजे एका एमएलमध्ये ८. ही डबल. बाहेरून बघितलं तर दोन्ही सिरिंज जुळ्या बहिणी, दोन्हीत पाण्यासारखं पाणी.

आता ऑर्डर. तू वजन आणि डोस लिहिलेला नाहीस (हे पण बघ, मला पत्र लिहिताना तुला रेट आठवला, डोस नाही आठवला, इथेच गोम आहे), पण २.२५ वरून मी अंदाज करते की ६० किलोचा माणूस असणार आणि ५ एमसीजी (मायक्रोग्रॅम, एमजीचा हजारावा भाग) पर किलो पर मिनिट. ५ गुणिले ६० किलो, मिनिटाला ३०० एमसीजी. तासाला ३०० गुणिले ६० मिनिटं, १८,००० एमसीजी. हजाराने भाग, तासाला १८ एमजी. इथपर्यंत सिरिंज सिंगल आहे का डबल याचा काही संबंध आलेला नाही, या माणसाला तासाला १८ एमजी डोपामिन पाहिजे, बस. आता सिरिंजकडे बघ. सिंगल असेल तर १८ भागिले ४, साडेचार एमएल. डबल असेल तर १८ भागिले ८, सव्वादोन. तू सिंगल भरलीस आणि सव्वादोनवर चालवलीस म्हणजे माणसाला ५ च्या जागी अडीच एमसीजी जायला लागलं. डोपामिनचा परिणाम शरीरात काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून बीपी लगेच पडलं, आणि लगेच पडलं म्हणून लगेच कळलं. उलटं झालं असतं, म्हणजे चालू सिंगल होती आणि तू डबल भरून साडेचारवर ठेवली असतीस तर डोस दुप्पट, आणि मग नाडी १५० ला जाऊन वेडीवाकडी पळायला लागते.

म्हणून माझ्या हाताखालच्या मुलींना मी एकच क्रम पाठ करायला लावायचे, आधी पेशंटला तासाला औषध किती लागतंय, मग सिरिंजच्या एका एमएलमध्ये ते किती आहे, मग पहिल्याला दुसऱ्याने भाग. एवढंच आहे ते. पुस्तकातला तो लांबलचक फॉर्म्युला, वर चार आकडे खाली तीन आकडे, तो परीक्षेला चांगला, पण पहाटे चारला त्यात ६० वर होता की खाली होता ते कुणाला आठवतंय.

आणि याच्याही आधी एक काम असतं जे कॉलेजात कुणी शिकवत नाही, अंदाज. कॅल्क्युलेटर हातात घ्यायच्या आधी मनात म्हणायचं की ही सिरिंज साधारण किती वेळ चालेल. डोपामिनची ५० ची सिरिंज साडेचारने अकरा तास जाते, सव्वादोनने बावीस तास. म्हणजे तुझं उत्तर ४५ आलं तर तुला हिशेब तपासायची गरजच नाही, सिरिंज एका तासात संपणार, असं होऊच शकत नाही, पॉइंट सरकलाय. आणि ०.०७५ आलं तर मिनिटाचं उत्तर आलंय, ६० ने गुणायचं राहिलंय. आपण बाजारात भाजीवाल्याने पाव किलो मटारचे चारशे सांगितले तर कॅल्क्युलेटर काढतो का? नाही ना, आधी ओरडतो.

अंदाज न केल्याने काय होतं त्याचं एक उदाहरण सांगते, ते माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. २००६ ची गोष्ट, कॅनडातलं एडमंटन शहर. एका कॅन्सरच्या पेशंटला फ्लुओरोयुरासिल छोट्या पंपावरून चार दिवसांत जायचं होतं, तासाला १.२ एमएल. पंपावर घातलं गेलं २८.८. आता २८.८ हा आकडा हवेतून आला नव्हता, तो २४ तासांचा आकडा होता, १.२ गुणिले २४ करून बघ. सिस्टरने कॅल्क्युलेटरवर हिशेब केला, २४ ने भागायचं राहिलं, उत्तर २८.८ आलं, आणि तिने लेबलकडे बघितलं तर तिथे २८.८ लिहिलेलं होतंच, फक्त दिवसाचा आकडा म्हणून, शेजारी तासाचा १.२ पण होता. तिला वाटलं जुळलं. दुसऱ्या सिस्टरने वेगळा हिशेब केला, तिचंही तेच राहिलं आणि तेच आलं. चार दिवसांचं औषध चार तासांत गेलं आणि ती बाई तीन आठवड्यांनी गेली. दोघी अनुभवी होत्या गं, अडाणी नव्हत्या. दोघींपैकी एकीने जरी मनात म्हटलं असतं की ही एवढीशी पिशवी २८ एमएलने गेली तर आज संध्याकाळपर्यंत तरी पुरेल का, तर तिथेच थांबलं असतं.

डबल चेकचं आपल्याकडे काय होतं ते तर विचारूच नको. "अगं बघ ना, साडेचार बरोबर आहे ना?" "हो हो बरोबर आहे." आणि सही. हा चेक झाला? तू उत्तर सांगून प्रश्न विचारलास, ती बिचारी स्वतःच्या तीन पेशंटमध्ये अडकलेली, ती हो म्हणणारच. उत्तर सांगायचं नाही. ऑर्डर आणि सिरिंज दाखवायची आणि म्हणायचं तू काढ, मी पण काढते, मग दोघींचे कागद शेजारी ठेवायचे. एक मिनिट लागतं. इनोट्रोप (डोपामिनसारखी बीपी-हृदयाची औषधं), इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं), पोटॅशियम एवढ्यांना तरी करच.

बोलण्याचं पण सांभाळ. मी वर सव्वादोन, साडेचार लिहितेय कारण तू मराठी आहेस, माझ्या वडिलांनी पावकी-निमकी पाठ करून घेतलेली त्यामुळे माझ्या तोंडात तेच येतं. पण मुंबईतल्या आयसीयूत तुझ्या शेजारी केरळची सिस्टर असते, पलीकडे मणिपूरचा ब्रदर, रेसिडेंट बिहारचा नाहीतर हैदराबादचा, त्यांच्यातल्या कुणाला सव्वादोन आणि अडीचमधला फरक कानावर पडून कळेल याची खात्री नाही. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवताना, एकेक आकडा सुटा बोलायचा, टू पॉइंट टू फाईव्ह. फिफ्टीन आणि फिफ्टी तर मास्कमागून सारखंच ऐकू येतं, तिथे वन-फाईव्ह, फाईव्ह-झिरो म्हणायचं. आणि लिहिताना पाचला पाचच लिही, पुढे पॉइंट शून्य लावू नकोस, पेनाचा ठिपका उमटला नाही की पाचाचे पन्नास झाले. याउलट पॉइंट पाच लिहायचं असेल तर आधी शून्य हवंच.

आता थेंबांचं. तुझी मैत्रीण म्हणाली ते बरोबर असू शकतं पण तिने तरी पाकीट बघितलं होतं का कोण जाणे. आपल्या बऱ्याच पुस्तकांत गणितं १५ थेंबांच्या सेटवर असतात, आणि आपल्याकडे मिळणारा साधा आयव्ही सेट बहुतेक वेळा २० थेंबांना १ एमएलचा असतो. पण बहुतेक म्हणजे सगळे नाहीत, पर्चेसने कंपनी बदलली की सेट बदलू शकतो, म्हणून वाद घालायचा नाही, पाकिटावर छापलेलं असतं ते वाचायचं, फाडून कचऱ्यात टाकायच्या आधी. मायक्रो सेट आणि लहान मुलांचा बुरेट सेट ६० थेंबांना १ एमएल.

तुझं किती चुकलं ते बघू. ५०० एमएल ४ तासांत, म्हणजे तासाला १२५. १५ च्या हिशेबाने ३१ थेंब. सेट २० चा असेल तर ते ३१ थेंब म्हणजे तासाला ९३ एमएलच गेले, बाटली चारच्या जागी जवळपास साडेपाच तास चालली. साध्या आरएलला (रिंगर लॅक्टेट, नेहमीचं सलाईन) यात आभाळ कोसळत नाही, आणि खरं सांगू, तुझ्या लक्षात यायला हवं होतं की माझी बाटली रोज उशिरा कशी संपते. पण त्या बाटलीत दुसरं काही असतं तर वेगळी गोष्ट.

फॉर्म्युला तुला येतो, एमएल गुणिले सेटचे थेंब भागिले मिनिटं. पण वॉर्डात रोज तो कोण मांडतं. २० चा सेट असेल तर तासाचे एमएल भागिले ३, झाले मिनिटाचे थेंब. १२५ ला ४२, १०० ला ३३, ७५ ला २५. कारण एका तासात ६० मिनिटं आणि एका एमएलला २० थेंब, साठाला विसाने भागलं की तीन येतात. १५ च्या सेटला ४ ने भाग. आणि मायक्रोला काहीच करायचं नाही, जेवढे एमएल तासाला तेवढेच थेंब मिनिटाला. तीनचा पाढा तुला येत असेल अशी मी आशा करते, ४१ मार्कांत तेवढा बसतो.

थेंब मोजताना पूर्ण मिनिट मोज. सगळ्याजणी १५ सेकंद मोजून चारने गुणतात, मी पण केलंय, पण त्यात एक थेंब जरी हुकला तरी मिनिटाला चार हुकले, म्हणजे २० च्या सेटला तासाला १२ एमएल. शिवाय थेंब एकदा लावले की तसेच राहत नाहीत. रोलरखाली, म्हणजे थेंब कमी-जास्त करायच्या चाकाखाली, नळी दाबलेली असते ती हळूहळू आकार बदलते, पेशंट हात वाकवतो, कुणीतरी बेड वर करतं, बाटली रिकामी होत जाते तसा जोर कमी होतो. लावल्यावर पंधरा मिनिटांनी परत येऊन बघायचंच. आम्ही बाटलीवर उभी मायक्रोपोरची पट्टी चिकटवायचो आणि पेनाने खुणा करायचो, इथपर्यंत ११ वाजता, इथपर्यंत १२, इथपर्यंत १. मग बेडवरून नुसतं जाता जाता दिसतं की पुढे आहे का मागे. वॉर्डात तीस पेशंट असताना याच्याइतकं स्वस्त मशीन मला अजून दिसलेलं नाही.

माझीही एक सांगते, तुला वाटायला नको की वर बसून उपदेश करतेय. मी नवीन होते, सिरिंज पंप आमच्या वॉर्डाने तेव्हा बघितला पण नव्हता. डोपामिन द्यायचं ते बाटलीत, २०० एमजी ५०० एमएलमध्ये, मायक्रो सेटवर. म्हणजे एका एमएलमध्ये ४०० एमसीजी, मिनिटाला ३०० पाहिजे, पाऊण एमएल, ४५ थेंब. रात्री एकला मी घड्याळ धरून ४५ मोजले, हिशेब अगदी चोख, आणि दुसऱ्या टोकाला एक सीरियस आला तिकडे पळाले. अडीचला परत आले तर पेशंट म्हणतोय सिस्टर छातीत धडधडतंय. नाडी १५० च्या आसपास. बघते तर थेंब धारेसारखे. त्याचा भाऊ शेजारी बसलेला, तो म्हणाला मॅडम मघाशी फारच बारीक पडत होतं, बंद पडतंय असं वाटलं, म्हणून मी जरा फिरवलं ते चाक. त्याची काय चूक गं, मायक्रोचे थेंब असतातच बारीक, आणि आपल्याकडे सलाईन जोरात चाललं की पेशंट लवकर बरा होतो असा लोकांचा समज. मी बंद केलं, डॉक्टरांना उठवलं, तासाभरात माणूस शांत झाला, मी मात्र सकाळी बसस्टॉपवर उभी राहून रडले. तेव्हापासून मी नातेवाइकांना चाक दाखवून सांगायचे की याला हात लावायचा नाही, आणि का नाही तेही सांगायचे, कारण नुसतं हात लावू नका म्हटलं की लोक हमखास लावतात.

आता आयसीयूतल्या चार गोष्टी पटापट सांगते ज्यात गणित बरोबर येऊनही फसायला होतं. हेपॅरिनची ५ एमएलची वायल दोन प्रकारची येते, एकात एमएलला १,००० युनिट आणि एकात ५,०००, वायलचा आकार बघून ओळखायला जाशील तर पाच पटींनी चुकशील. इन्सुलिनचं आपल्याकडे ४० ची वायल आणि १०० ची, दोन्ही चालतात, आणि सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० ची आणि केशरी टोपणाची १०० ची. ५० एमएलमध्ये ५० युनिट घालायचे तर ४० च्या वायलमधून सव्वा एमएल लागतं आणि १०० च्यातून अर्धा. ४० ची वायल घेऊन केशरी सिरिंजने ५० च्या खुणेपर्यंत काढलंस तर प्रत्यक्षात २० च युनिट आले, मग साखर खाली येईना म्हणून रेट वाढवत बसतात सगळे. नॉरअ‍ॅडच्या लेबलवर (नॉरअ‍ॅड्रेनालिन, हेही बीपी वाढवणारं) कधी बायटार्ट्रेटचा, म्हणजे क्षाराचा, आकडा असतो कधी बेसचा, म्हणजे मूळ औषधाचा, २ एमजी बायटार्ट्रेट म्हणजे १ एमजी बेस, तुमच्या युनिटमध्ये हिशेब कशावर धरतात ते इनचार्जना विचारून घे, लाजू नकोस, बऱ्याच सीनियरना पण तेव्हाच कळतं.

पोटॅशियमवर जरा थांबते. केसीएलची (पोटॅशियम क्लोराइड) १० एमएलची अँप्युल म्हणजे २० एमईक्यू (पोटॅशियम मोजायचं एकक). ती सरळ शिरेत कधीच द्यायची नाही हे तुला झोपेत पण माहितीय. पण लटकत्या बाटलीत सुई खुपसून घातली आणि तशीच सोडली तर ती जड असल्याने खाली तोंडाशीच बसते, आणि पेशंटला पहिल्या काही मिनिटांत घट्टच्या घट्ट मिळते. कागदावर तासाला ५ एमईक्यू, नळीत वेगळंच. बाटली उतरवायची, रोलर बंद, औषध घालायचं, आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, मग लटकवायची. आणि इनोट्रोप ज्या लाइनवर चालू आहे तिच्या थ्री-वेमधून (तीन तोंडांच्या तोटीतून) अँटिबायोटिक किंवा फ्लश मारायचं नाही, नळीत जेवढं डोपामिन साठलंय ते सगळं एका झटक्यात आत जातं. तुझा पंप तासाला सव्वादोन दाखवत राहील, पंपाला काय कळतंय.

सिरिंज बदलताना आता काय करायचं ते नीट ऐक, कारण तुझी भीती तिथेच अडकलीय. पाच-दहा एमएल उरले असताना नवीन भर, संपल्याचा अलार्म वाजेपर्यंत थांबू नकोस. भरायच्या आधी जुन्या सिरिंजचं लेबल मोठ्याने वाच, औषध, किती एमजी, किती एमएलमध्ये, कुणी भरलं, किती वाजता. लेबलवर नुसतं "डोपा" लिहिलेलं असेल, आणि तुझ्या त्या रात्री तसंच असणार असा माझा दाट संशय आहे, तर अंदाजाने भरायचं नाही, फाइल बघ, नाहीतर आधीच्या शिफ्टच्या सिस्टरला फोन लाव, झोपेतून उठली तर उठू दे. नवीन सिरिंजवर लेबल भरायच्या वेळीच लाव, आणि त्यावर डबल स्ट्रेंथ असं लिहू नकोस, ४०० एमजी ५० एमएलमध्ये असं लिही, कारण एका हॉस्पिटलची डबल ती दुसऱ्याची सिंगल असू शकते. पंपात बसवल्यावर जोडायच्या आधी थोडं पर्ज करून, म्हणजे पंपाने पुढे ढकलून, थेंब बाहेर आलेला बघ, कमी रेटला दट्ट्या आणि पंपाच्या मधली सैल जागा भरेपर्यंतच बराच वेळ जातो आणि तेवढा वेळ पेशंटला काहीच मिळत नाही. मग रेट नव्याने काढ, तोच असणार हे माहीत असलं तरी. पुढचा अर्धा तास दर पाच मिनिटांनी बीपी बघ.

मोबाइलमधल्या अ‍ॅपचं तू मूळ पत्रात विचारलंयस. वाईट नाही, पण तुमच्याकडे आत मोबाइल नेऊ देत नाहीत म्हणतेस, मग त्याच्या भरवशावर राहून काय करणार, आणि अ‍ॅपलाही पंपासारखंच आहे, तू २०० घातलंस तर तो २०० धरणार. आधी अंदाज, मग कागद, मग हवं तर अ‍ॅप. युनिटमध्ये एक लॅमिनेट केलेला चार्ट असतो, इतक्या किलोला इतका रेट, तो चांगला असतो पण वरची ओळ वाच, कुठल्या कॉन्सन्ट्रेशनचा आहे ते तिथे बारीक अक्षरात असतं.

वॉर्डला परत जाऊ का, तर माझं म्हणणं या कारणासाठी जाऊ नकोस. वॉर्डला गणित कमी नाही, उलट तिथे पंपही नाही आणि मॉनिटरही नाही. तुला आयसीयू आवडत नसेल, नाइट झेपत नसतील, तर ती वेगळी गोष्ट, मग खुशाल माग. पण आधी इनचार्जना स्वतःहून जाऊन सांग की मला महिनाभर इनोट्रोपचे हिशेब कुणाकडून तरी तपासून घ्यायचेत, बऱ्याचजणी हो म्हणतात, आपल्याला कुणी विचारलं की बरं वाटतं. आणि इन्सिडंट फॉर्म भरलास का? नसेल तर भर, त्यात लेबलचं लिही, ओव्हरमध्ये कॉन्सन्ट्रेशन सांगितलं गेलं नव्हतं तेही लिही, कुणाचं नाव घालून नव्हे, जे झालं तेवढंच. नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरी एखादी त्याच खड्ड्यात पडेल आणि तिचा पेशंट कदाचित सावरणार नाही.

त्या रेसिडेंटचं मनाला लावून घेऊ नकोस, ३० तास ड्यूटी करून कुणीही ओरडतो, मी पण ओरडलेय, तरी सगळ्यांसमोर ओरडणं बरोबर नव्हतं आणि तो शांत असेल तेव्हा तसं सांगायला हरकत नाही. पुढच्या वेळी त्याने तोंडी ऑर्डर दिली की मात्र परत बोलून दाखवायची, "सर, डोपामिन फाईव्ह एमसीजी पर केजी पर मिनिट, वेट सिक्स्टी, बरोबर?" डोस बोलून दाखव, एमएल नको. डॉक्टरने नुसतं "साडेचारवर कर" म्हटलं तर विचार, सर किती एमसीजी. चिडला तर चिडू दे.

खाली तीन गणितं देतेय, ट्रेनमध्ये कर, कांजूरहून दादरपर्यंत होतात, बसायला मिळालं तर. पहिलं, आरएल १,००० एमएल, ८ तास, २० चा सेट, थेंब किती. दुसरं, डोब्युटामिन (तेही इनोट्रोपच) २५० एमजी ५० एमएलमध्ये, पेशंट ४८ किलो, ५ एमसीजी पर किलो पर मिनिट, रेट किती आणि सिरिंज किती तास जाईल, आधी अंदाज लिही मग उत्तर. तिसरं, पेशंट ५० किलो, नॉरअ‍ॅड ०.१ एमसीजी पर किलो पर मिनिट, रात्री तीनला ओव्हर घेतेस, सिरिंज अर्धी भरलेली आहे, पंपावर ३.७५ आहे, सिरिंजवर लेबल नाही, आणि भरणारी फोन उचलत नाहीये. डोस बरोबर चाललाय का?

पहिल्या दोघांची उत्तरं ४२, आणि २.९ च्या जवळ, सतरा तास. तिसऱ्याला कॅल्क्युलेटर लागत नाही, नवीन सिरिंज लागते.